मिल्टन ॲबस: जमीनदाराने कामकऱ्यांसाठी बांधलेल्या घरात तीन रात्री

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात, ब्लँडफर्ड फोरम या बाजारगावापासून सुमारे सात मैलांवर, मिल्टन ॲबस नावाचे खेडे आहे. झाडीने वेढलेल्या अरुंद दरीतून चढत जाणारा एकच रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना हिरवळीचे पट्टे आणि त्या हिरवळीमागे ठरावीक अंतर सोडून उभी असलेली पांढऱ्या भिंतींची, गवती छपरांची, जवळजवळ एकसारखी ३६ घरे, असे त्याचे रूप आहे. मार्चअखेरीस मी, माझे पती आणि साताऱ्याहून आमच्याकडे आलेले माझे वडील अशा तिघांनी यांपैकी एका घराचा अर्धा भाग तीन रात्रींसाठी भाड्याने घेतला. भाडे ४२० पौंड पडले. त्यात चादरी, टॉवेल आणि शेकोटीसाठी लाकडांची एक टोपली समाविष्ट होती. घर खासगी मालकीचे आहे. मालकीणबाई वागायला सज्जन असल्यामुळे आणि माझ्या काही तक्रारी त्यांच्यापेक्षा त्यांच्या रंगाऱ्याविषयी असल्यामुळे घराचा क्रमांक मी येथे देत नाही.

ही घरे गावकऱ्यांनी आपापल्या सोयीने बांधलेली नाहीत, हे रस्त्याच्या तोंडाशीच लक्षात येते, कारण सोयीने बांधलेली ३६ घरे एकमेकांसारखी कधीच होत नाहीत. जोसेफ डेमर या धनाढ्य गृहस्थाने १७५२ मध्ये येथील जुन्या मठाची मालमत्ता विकत घेतली. हाच पुढे लॉर्ड मिल्टन झाला आणि १७९२ मध्ये अर्ल ऑफ डॉर्चेस्टर. मठाच्या चर्चला खेटून त्या वेळी मिडलटन नावाचे बाजारगाव नांदत होते, ज्यात शंभरावर घरे, दुकाने, सराया आणि एक शाळा होती. डेमरने चर्चशेजारी आपला वाडा नव्याने बांधायला घेतला, तेव्हा वाड्यासमोरचे हे गाव त्याच्या डोळ्यांत खुपू लागले. त्याने ते एका झटक्यात पाडले नाही. कुळांचे भाडेपट्टे जसजसे संपत गेले, तसतशी घरे जमीनदोस्त होत गेली, आणि हा उद्योग जवळजवळ वीस वर्षे चालला. हॅरिसन नावाच्या एका वकिलाने आपला पट्टा सोडायला नकार दिला, तेव्हा डेमरने तळ्याची दारे उघडून त्याच्या घरात पाणी सोडले आणि वकिलाने कोर्टात जाऊन त्याला हरवले, अशी गोष्ट तेथे अजून चवीने सांगितली जाते. शाळा १७८५ मध्ये ब्लँडफर्डला हलवण्यात आली. जिथे बाजार भरत होता तिथे आज गुळगुळीत कुरण आणि तळे आहे.

गावातून उठवलेल्या लोकांपैकी ज्यांची इस्टेटीला गरज होती, त्यांच्यासाठी वाड्याच्या नजरेआड, शेजारच्या दरीत, १७८० च्या सुमारास हे नवे खेडे वसवले गेले. आराखड्याशी दोन मोठी नावे जोडलेली आहेत: उद्यानरचनाकार लॅन्सलॉट ब्राउन, ज्याला सारे इंग्लंड ‘केपेबिलिटी’ ब्राउन म्हणून ओळखते, आणि लंडनच्या सॉमरसेट हाऊसचा वास्तुरचनाकार विल्यम चेंबर्स. एवढी नावे ऐकून आत शिरलेल्या माणसाची थोडी निराशा होते, आणि ती का होते हेच मला सांगायचे आहे. हे खेडे रस्त्यावरून पाहण्यासाठी आखलेले आहे. घोडागाडीतून चढ चढताना उजवीकडे एक घर, डावीकडे एक घर, मध्ये हिरवळ, मागे झाडी, असा ताल त्यात सांभाळलेला आहे. दोन घरांच्या मध्ये एकेक चेस्टनटचे झाड लावले होते. ती झाडे आता नाहीत, पण त्यांच्या जागा मोकळ्या सोडलेल्या असल्यामुळे तो ताल बिघडलेला नाही. घरापुढे कुंपण नाही. कोणाच्या दारातून कोणाची बाग सुरू होते हे दाखवणारी रेघसुद्धा कुठे नाही. बाहेरून पाहता या रचनेला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असे मला वाटले, आणि ते घरांपेक्षा घरांमधल्या अंतराला द्यावेत असे वाटले. पांढरा रंग मात्र अस्सल समजू नये; मुळात ही घरे पिवळ्या रंगाने रंगवलेली होती.

प्रत्येक इमारत दोन कुटुंबांसाठी बांधलेली होती. मध्यभागी एकच दरवाजा, आत शिरले की हातभर बोळ, आणि त्या बोळातून डावीकडे एक बिऱ्हाड, उजवीकडे दुसरे. रस्त्यावरून मात्र दोन बिऱ्हाडांचे एक ऐसपैस घर दिसते, म्हणजे गड्याचे घर शेतकऱ्याच्या घरासारखे भासते, आणि ही युक्ती घर बांधणाऱ्याच्या फायद्याची आहे. आज यांतल्या बऱ्याच जोड्या भिंत फोडून एक केलेल्या आहेत. आम्हाला मिळालेले घर अजून अर्धेच आहे. बोळ शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यावा लागतो, आणि तेथे चिखलाचे बूट कोणी कुठे काढायचे याविषयी एक हस्तलिखित सूचना दोन्ही बाजूंना समान अंतरावर लावलेली आहे. चाळीत वाढलेल्या माझ्या पतींना त्या सूचनेने फार आनंद झाला.

घराच्या आत खाली शेकोटीची मुख्य खोली आणि तिच्यामागे एक लहान खोली आहे, वर दोन निजायच्या खोल्या आहेत, आणि स्वयंपाकघर व न्हाणीघर मागे नंतर वाढवलेल्या भागात आहेत. मी जाण्याआधी थोडा अभ्यास केला होता. बाथ शहरातला वास्तुरचनाकार धाकटा जॉन वुड याने १७८१ मध्ये, म्हणजे हे खेडे उभे राहत असतानाच, मजुरांच्या घरांचे आराखडे छापून प्रसिद्ध केले होते. आराखडे काढण्याआधी तो मजुरांच्या झोपड्यांत स्वतः जाऊन आला होता आणि त्यावरून त्याने काही नियम ठरवले होते. घर कोरडे आणि निरोगी असावे. ते उबदार आणि प्रसन्न असावे. आतली रुंदी १२ फुटांपेक्षा जास्त नसावी, कारण त्याहून रुंद घरावर साध्या वाशांचे छप्पर घातले तर ते भिंतींना बाहेर रेटते. घरे नेहमी जोडीने बांधावीत, म्हणजे आजारपणात शेजारी उपयोगी पडतो. आणि प्रत्येक घराला बागेचा तुकडा असावा. ज्या काळात बहुतेक रचनाकार जमीनदाराच्या खिडकीत उभे राहून गड्याच्या घराचा विचार करत होते, त्या काळात या माणसाने चुलीपाशी बसून विचार केला. म्हणून मी ठरवले की आमच्या भाड्याच्या घराची परीक्षा वुडच्याच नियमांनी घ्यायची.

रुंदीच्या नियमात घर उत्तीर्ण झाले. मुख्य खोली बारा फुटांना चार बोटे कमी भरली. जोडीच्या नियमात तर ते मूळचेच आहे. बागेचा प्रश्न थोडा अवघड आहे. पुढची हिरवळ शोभेची, आणि मागे डोंगराचा चढ इतका उभा की भाजीचा वाफा करायचा तर आधी पायऱ्या खोदाव्या लागतात. मागच्या दारातून बाहेर पडलो की तोंडासमोर सात-आठ फूट उंचीची मातीची कड उभी राहते. ज्याने रस्त्यावरून घर आखले त्याला ही कड दिसलीच नसणार, कारण ती रस्त्यावरून दिसत नाही. उबदारपणाविषयी मात्र माझी काहीच तक्रार नाही. संध्याकाळी सहा वाजता पेटवलेल्या शेकोटीची धग सकाळी भिंतीला हात लावला तरी जाणवत होती, आणि याचे कारण भिंतीतच आहे.

या भिंती कॉबच्या आहेत, म्हणजे आपल्याकडच्या मातीच्या भिंतींच्या जवळच्या नात्यातल्या. डॉर्सेटच्या या भागात मातीत खडूचा दगड भरपूर असतो; तो कुटून मातीत मिसळायचा, पाणी आणि पेंढा घालून पायांनी तुडवायचा, विटांच्या किंवा दगडांच्या जोत्यावर त्याचा एक थर चढवायचा, तो वाळू द्यायचा आणि मग त्यावर दुसरा. माझे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते आणि त्यांचे लहानपण माण तालुक्यातल्या धाब्याच्या घरात गेले आहे. सामान खाली ठेवण्याआधी ते खिडकीपाशी गेले, खिडकीच्या कट्ट्यावर हात पसरून त्यांनी भिंतीची जाडी मोजली आणि ‘अडीच वीत’ असे जाहीर केले. नंतर बोटाच्या पेरांनी त्यांनी भिंत ठोकून पाहिली. मातीची भिंत ठोकली की बद्द आवाज येतो. काही ठिकाणी तो पोकळ येत होता, म्हणजे गिलावा सुटलेला होता. खोलीचे कोपरे सगळे गोलसर आहेत, एकही काटकोन नाही, आणि खिडकीच्या खोल कट्ट्यावर एक माणूस पाय वर घेऊन चहाचा पेला हातात धरून आरामात बसू शकतो. मला विचाराल तर भाड्यातले निम्मे पैसे त्या कट्ट्यावरच वसूल होतात.

आता कोरडेपणाचा नियम. कॉबच्या घराला चांगली टोपी आणि चांगले बूट असले की त्याला दुसरे काही लागत नाही, अशी तिकडच्या गवंड्यांची म्हण आहे. टोपी म्हणजे छप्पर आणि बूट म्हणजे जोते. टोपी येथे उत्तम आहे. पाख्याचा उतार चांगला उभा आहे, वळचण भिंतीपासून दीड फूट पुढे आलेली आहे आणि पन्हळ मुळीच नाही. पाऊस सुरू झाला की पागोळ्या सरळ भिंतीपासून दूर गवतात पडतात. दुसऱ्या रात्री जोराचा पाऊस झाला तेव्हा छपरावर त्याचा आवाजच येईना, फक्त खिडकीबाहेर पागोळ्यांची एकसंध झालर दिसत होती. कोकणात दर वर्षी पावसाआधी घर शाकारायचे असते, हे मी माझ्या पतींकडून ऐकत आले आहे. येथे गव्हाच्या काडाची शाकारणी नीट केली तर ती पंचवीस-तीस वर्षे टिकते, फक्त आढ्यावरचा पट्टा दहा-पंधरा वर्षांनी बदलावा लागतो. काडाची जाडी फूटभराच्या आसपास असते आणि पक्ष्यांनी काड्या उपसू नयेत म्हणून वरून तारेची जाळी ताणून बसवलेली असते. चिमणीतून ठिणगी उडण्याची भीती या घरांना कायमचीच, म्हणून शेकोटीत ओले लाकूड जाळायला सक्त मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

बुटांकडे मात्र दुर्लक्ष झालेले आहे. मागच्या लहान खोलीच्या भिंतीला बाहेरून डोंगराची माती टेकलेली आहे, जोते त्या मातीखाली गेले आहे, आणि आतून त्या भिंतीला प्लास्टिक इमल्शनचा गुळगुळीत पांढरा रंग दिलेला आहे. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत त्या रंगाला फोड आले होते आणि एका फोडावर बोट ठेवताच पोपडा निघून आत ओली, राखाडी माती दिसली. खोलीला ओलसर वास होता आणि वडिलांची झोपायची सोय याच खोलीत केलेली होती. ते भिंतीकडे बराच वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘अगं, भिंतीला रेनकोट घातलाय. आतला घाम जाणार कुठे?’’ त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. मातीच्या भिंतीत थोडी ओल येणारच. चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी असली तर ती ओल बाहेर उडून जाते, सिमेंट किंवा प्लास्टिकचा थर असला तर ती आतच साठते आणि भिंत हळूहळू मऊ होते. अशी घरे वारसा-वास्तूंच्या यादीत असतात आणि त्यांत फेरबदल करायला परवानगी लागते, त्यामुळे मालकाचे हात पुष्कळदा बांधलेले असतात. तरी एवढी गोष्ट चुना वापरून सहज टाळता आली असती.

मी फोन केला तेव्हा मालकीणबाईंनी कोणताही बहाणा केला नाही. तासाभरात त्या स्वतः हवेतली ओल शोषणारे यंत्र घेऊन आल्या, वडिलांची खाट वरच्या खोलीत नेण्यास मदत केली आणि एका रात्रीचे भाडे परत केले. सेवेच्या बाबतीत याहून अधिक काय मागावे? यंत्राच्या टाकीत सकाळपर्यंत दोन लिटरच्या वर पाणी साठले होते.

बाकीच्या सोयी ठीक आहेत. स्वयंपाकघरात गॅस नाही, विजेची शेगडी आहे, पण तवा जड आणि चांगला आहे आणि पोळ्या फुगल्या. गरम पाणी दोघांच्या अंघोळीपुरते येते. तिसऱ्याने अर्धा तास थांबावे. जिना फार अरुंद, गोल वळणाचा आणि उंच पायऱ्यांचा आहे, म्हणून गुडघेदुखी असणाऱ्यांनी हे घर घेऊ नये. वरच्या खोलीत तुळई इतकी खाली आहे की माझ्या पतींनी पहिल्या संध्याकाळी दोनदा आणि दुसऱ्या सकाळी एकदा कपाळ आपटून घेतले. मोटार रस्त्याच्या कडेलाच उभी करावी लागते. मोबाइलला रेंज नसल्यासारखी आहे, वायफाय मात्र चालते.

अशा घरांची हौस असलेल्यांनी तुलनेसाठी आणखी दोन ठिकाणे पाहावीत. ब्रिस्टलजवळचे ब्लेझ हॅम्लेट हे १८११ च्या सुमारास हारफर्ड या क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) बँकरने आपल्या इस्टेटीतल्या वृद्ध नोकरांसाठी वास्तुरचनाकार जॉन नॅशकडून बांधून घेतलेल्या नऊ घरांचे वर्तुळ आहे; त्यांतले एकही घर दुसऱ्यासारखे नाही आणि विटांच्या उंच, नक्षीदार चिमण्या पाहून मान दुखते. डर्बीशरमध्ये चॅट्सवर्थच्या वाड्याजवळचे एडन्सर हे गावही मिल्टन ॲबसप्रमाणेच जमीनदाराच्या नजरेसमोरून हटवून १८३८ ते १८४२ या काळात नव्याने उभारले गेले. तेथे जोसेफ पॅक्सटनच्या देखरेखीखाली कोणाला स्विस पद्धतीचे, कोणाला इटालियन, तर कोणाला ट्यूडर थाटाचे घर मिळाले. ही दोन्ही ठिकाणे सुंदर आहेत, पण मला तेथे रुखवत मांडल्यासारखे वाटते, प्रत्येक वस्तू वेगळी आणि प्रत्येक वस्तू पाहुण्याने वाखाणावी अशी ठेवलेली. मिल्टन ॲबसमध्ये निदान सर्वांना एकच घर मिळाले. त्यात कलेचा भाग कमी असेल, पण शेजाऱ्याच्या चिमणीकडे पाहून जळण्याचे कारणही उरले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मठाचे चर्च पाहिले. १३०९ मध्ये वीज पडून जुने चर्च जळाले. नवे बांधायला घेतले, पण त्याचा लांब सभामंडप कधी झालाच नाही, त्यामुळे आत शिरले की उंचीने दडपायला होते आणि पाच-पंचवीस पावलांत चर्च संपते. आत लॉर्ड मिल्टनच्या पत्नीची, लेडी कॅरोलाइनची, समाधी आहे. रचना रॉबर्ट ॲडमची, शिल्प ऑगस्टिनो कार्लिनीचे. पांढऱ्या संगमरवरात ती झोपलेली आहे आणि तो तिच्याशेजारी कोपरावर रेलून तिच्याकडे पाहतो आहे. शिल्प खरोखर हळवे आहे. आख्खे गाव उठवणाऱ्या माणसाचा चेहरा असा असेल असे मला वाटले नव्हते.

दुपारी आम्ही टॉलपडलला गेलो. मोटारीने अर्ध्या तासाच्या आतले अंतर आहे. १८३३ मध्ये या गावातल्या सहा शेतमजुरांनी आठवड्याची मजुरी सात शिलिंगांवरून सहावर येऊ नये म्हणून संघटना केली आणि त्याबद्दल १८३४ मध्ये त्यांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियाला धाडण्यात आले. लोकांच्या चळवळीमुळे दोन वर्षांनी त्यांना माफी मिळाली. त्या शिक्षेच्या शताब्दीला, १९३४ मध्ये, ब्रिटनच्या कामगार संघटनांच्या महासंघाने तेथे निवृत्त शेतमजुरांसाठी सहा घरांची एक रांग बांधली आणि प्रत्येक घराला त्या सहांपैकी एकेकाचे नाव दिले. तेथे एक छोटे संग्रहालयही आहे. बिस्किटाच्या डब्यावर ही रांग कधी छापली जाणार नाही. वडिलांनी मात्र तिच्यापुढे मिल्टन ॲबसच्या रस्त्यापेक्षा जास्त वेळ घालवला, आणि जोते जमिनीपासून पुरेसे वर आहे याची वाकून खात्री करून घेतली.

आमचे घर मी कोणाला सुचवेन? ज्यांना मातीच्या जाड भिंतीची ऊब, गवती छपराखालची शांतता आणि जमीनदारी काळाच्या खाणाखुणा जवळून पाहायच्या आहेत त्यांनी मे ते सप्टेंबर या काळात अवश्य जावे आणि मागची खोली सामानासाठी वापरावी. लहान मुले असतील तर जिन्यामुळे नको. हिवाळ्यात ओल दुरुस्त झाल्याची खात्री करूनच जावे.

निघताना वडिलांनी पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या वहीत त्यांच्या ठसठशीत सरकारी अक्षरात मराठीत एकच ओळ लिहिली आणि खाली हुद्द्यासकट सही केली. आठवड्याने मालकीणबाईंचा ईमेल आला की ती ओळ त्यांना फार देखणी वाटते, तर तिचा अर्थ काय होतो. मी भाषांतर करून पाठवले: ‘मागच्या भिंतीचा रंग खरवडून काढावा, माती फूटभर हटवावी आणि चुना लावावा.’